अतिदक्षता विभागातील संशोधन आणि संमती: आराखड्यापासून रुग्ण शुद्धीवर येईपर्यंतच्या पायऱ्या

व्हेंटिलेटरवर असलेला आणि गुंगीच्या औषधाखाली ठेवलेला रुग्ण कोणत्याही संशोधनाला होकार देऊ शकत नाही. विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्याच्या मुलीला माहितीपत्रक वाचता येते, पण दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या मनात त्यातले किती उतरते, हा प्रश्न उरतोच. तरीही याच रुग्णांवर संशोधन करणे टाळता येत नाही. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची पद्धत कित्येक दशके चालू होती. १०,००८ प्रौढ रुग्णांच्या क्रॅश चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्टेरॉइड मिळालेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण २१.१ टक्के आणि ते न मिळालेल्या गटात १७.९ टक्के असल्याचे दिसले. संमती घेणे अवघड आहे म्हणून ही चाचणी झालीच नसती, तर एक घातक उपचार चांगल्या हेतूने पुढेही दिला जात राहिला असता.

नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून आलेल्या न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्ये सहभागी व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती ही संशोधनाची अनिवार्य अट मानली. तिचा शब्दशः अर्थ घेतला, तर बेशुद्ध रुग्णावर संशोधन करताच येणार नाही. वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने संमती देण्याची वाट मोकळी केली आणि त्यानंतर वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांनी तातडीच्या प्रसंगांसाठी अपवादही मान्य केले. हे सर्व नियम वाचताना एक सूत्र मला सतत महत्त्वाचे वाटत आले आहे. निर्णयाचा अधिकार रुग्णाचा असतो, आजारपणात तो काही काळ ठेव म्हणून दुसऱ्याच्या हाती जातो, आणि ती ठेव शाबूत राखून मूळ मालकाला परत करणे ही संशोधकाची जबाबदारी असते. खालील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. अतिदक्षता विभागात अभ्यास आखणारे डॉक्टर, संशोधन समन्वयक, परिचारिका आणि नीतिशास्त्र समितीचे सदस्य यांना त्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. आपापल्या देशाचा कायदा यापेक्षा कडक असेल, तर अर्थातच तोच पाळावा लागेल.

पहिली पायरी: हा अभ्यास याच रुग्णांवर करण्याची गरज तपासा

आराखडा लिहायला घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की या प्रश्नाचे उत्तर संमती देऊ शकणाऱ्या रुग्णांकडून मिळू शकते का. मिळत असेल, तर संमती देऊ न शकणाऱ्यांना अभ्यासात घेण्याचे कारण उरत नाही. हाताशी आहेत म्हणून, किंवा त्यांच्या धमनीत आधीच नळी घातलेली असल्याने रक्ताचे नमुने घेणे सोपे जाते म्हणून, या रुग्णांची निवड होत असेल तर ती अन्यायाची आहे.

याच्या उलट चूकही होते. अतिदक्षता विभागातील सगळेच रुग्ण निर्णय घेण्यास असमर्थ असतात, असे गृहीत धरून थेट नातेवाइकांकडे जाण्याची सवय अनेक ठिकाणी लागलेली दिसते. नाकावाटे जास्त प्रवाहाने ऑक्सिजन घेणारा रुग्ण दमलेला असतो, पण पुष्कळदा पूर्ण शुद्धीत असतो. हृदयाच्या पूर्वनियोजित शस्त्रक्रियेनंतर विभागात येणाऱ्या रुग्णाशी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, किंवा त्याहीपूर्वी बाह्यरुग्ण विभागात, निवांत बोलता येते. ज्याच्याशी स्वतः बोलणे शक्य आहे त्याला वगळून त्याच्या भावाची सही घेणे कायद्याने आणि नीतीने चूकच आहे.

दुसरी पायरी: हाताशी असलेला वेळ मोजा आणि त्यानुसार मार्ग निवडा

संमतीचा कोणता मार्ग योग्य ठरेल, हे मुख्यतः उपचाराला उशीर झाल्यास त्याचा फायदा किती वेळात ओसरतो यावर अवलंबून असते. त्यामुळे आराखड्यात हा काळ तासांत किंवा मिनिटांत लिहावा आणि तो कशावरून ठरवला तेही सांगावे. रक्तस्राव होणाऱ्या जखमी रुग्णांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध देण्याची क्रॅश-२ चाचणी २०,२११ रुग्णांवर झाली. तिच्या पुढील विश्लेषणात असे दिसले, की दुखापतीनंतर ३ तासांच्या आत औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात आणि त्यानंतर दिल्यास उलट वाढतात. अशा अभ्यासात नातेवाईक येईपर्यंत थांबणे म्हणजे रुग्णाच्या हक्काच्या नावाखाली त्याचा जीव धोक्यात घालणे होय. शिवाय उशिरा दिलेल्या औषधाचा परिणाम मोजून उपचार निरुपयोगी असल्याचा चुकीचा निष्कर्षही निघू शकतो. याउलट, श्वसनस्नायूंच्या व्यायामाचा परिणाम पाहणारा अभ्यास एक दिवस उशिरा सुरू झाल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. तिथे ‘तातडी’ हे कारण पुढे करणे ही केवळ सोय असते.

वेळ पुरेसा असेल, तर रुग्णाची स्वतःची संमती आणि ती शक्य नसल्यास कायद्याने मान्य केलेल्या प्रतिनिधीची संमती, हा सरळ मार्ग आहे. प्रतिनिधी कोण, याची व्याख्या देशागणिक बदलते. काही कायदे नात्यांचा उतरता क्रम देतात, काही न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मान्यता देतात, तर ब्रिटनमध्ये नातेवाईक उपलब्ध नसल्यास अभ्यासाशी संबंध नसलेल्या डॉक्टरला व्यावसायिक प्रतिनिधी म्हणून संमती देता येते. विभागात ड्युटीवर असलेल्या प्रत्येकाला आपल्याकडची व्याख्या पाठ असली पाहिजे. रात्री दोन वाजता जावई, मेहुणा आणि शेजारी असे तिघे समोर उभे असतील, तेव्हा ग्रंथ उघडून बघायला सवड नसते.

वेळ थोडा असेल, पण नातेवाईक जवळ असतील, तर दोन टप्प्यांची संमती घेता येते. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथे अत्यवस्थ तापाच्या बालकांवर झालेल्या फीस्ट चाचणीत ३,१४१ मुलांचा समावेश होता. तिथे तातडीच्या प्रसंगी पालकांकडून आधी थोडक्यात तोंडी होकार घेतला गेला आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर लेखी संमती घेतली गेली. या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. शिरेवाटे झपाट्याने द्रव दिलेल्या दोन गटांत ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण १०.६ आणि १०.५ टक्के होते, आणि तसा द्रव न दिलेल्या गटात ते ७.३ टक्के होते. सर्वमान्य समजला गेलेला उपचार त्या परिस्थितीत जीवघेणा ठरत होता आणि ते कळण्यासाठी संमतीची ही वेगळी रचना आवश्यक होती.

वेळ जवळजवळ नसेलच, तर रुग्णाला आधी अभ्यासात घेऊन संमती नंतर मागण्याचा मार्ग उरतो. याला ‘डिफर्ड कन्सेंट’, म्हणजे पुढे ढकललेली संमती, म्हटले जाते, पण मला हा शब्दप्रयोग फसवा वाटतो. घडून गेलेल्या गोष्टीला संमती देता येत नाही. नंतर मागितली जाते ती अभ्यासात पुढे राहण्याची आणि जमवलेली माहिती वापरण्याची परवानगी. माहितीपत्रकात हे याच शब्दांत लिहावे, म्हणजे आपण काय मागत आहोत याबद्दल कोणाचाही गैरसमज होणार नाही.

या मार्गाच्या अटी कडक आहेत. अमेरिकेतील १९९६ च्या नियमानुसार रुग्णाची अवस्था जिवावर बेतणारी असावी लागते, उपलब्ध उपचार सिद्ध न झालेले किंवा असमाधानकारक असावे लागतात, रुग्णाला थेट लाभाची शक्यता असावी लागते आणि संमतीची अट कायम ठेवून तो अभ्यास व्यवहारात करता येणे शक्य नसावे लागते. त्याखेरीज समाजातील लोकांशी आधी विचारविनिमय करणे, अभ्यास सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर त्याची जाहीर माहिती देणे आणि स्वतंत्र समितीने सुरक्षिततेवर लक्ष ठेवणे हेही बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या ५३६/२०१४ या नियमावलीतील कलम ३५ थोडे वेगळे आहे. रुग्णाने पूर्वी कधी नकार व्यक्त केल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे संशोधकाला तिथे प्रमाणित करावे लागते, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत अभ्यासाचा धोका व त्रास अत्यल्प असावा लागतो.

लोकांना आधी सांगण्याचे महत्त्व कमी लेखू नये. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांना ॲड्रेनॅलिन द्यावे का, याची पॅरामेडिक-२ चाचणी ब्रिटनमध्ये ८,०१४ रुग्णांवर झाली. त्या क्षणी कोणाचीही संमती घेणे अशक्य होते. म्हणून ज्यांना सहभाग नको असेल त्यांना आधीच तसे कळवण्याची आणि नकार दर्शवणारे कडे हातात घालण्याची सोय ठेवली होती. अशी सोय वापरणारे थोडेच असतात हे खरे, पण ज्याला नकार द्यायचा आहे त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

तिसरी पायरी: धोका सुटा करून मांडा

‘या अभ्यासात थोडा धोका आहे’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. अभ्यासातील प्रत्येक कृती वेगळी काढून तिचा विचार करावा. उपचार म्हणून काय केले जाणार आहे आणि त्यात दोन गटांमधला फरक नेमका किती आहे? केवळ माहिती जमवण्यासाठी काय केले जाणार आहे, म्हणजे जादा रक्त, जादा स्कॅन, जादा हलवाहलव किती आहे? पहिल्या प्रकारातील धोका रुग्णाला मिळू शकणाऱ्या लाभाशी तोलून पाहता येतो. दुसऱ्या प्रकारातील धोक्याचा त्या रुग्णाला काहीच लाभ नसतो, म्हणून तो अगदी किरकोळच असला पाहिजे. एखाद्या चाचणीत आश्वासक औषध आहे म्हणून तिला केवळ संशोधनासाठीची यकृताची बायोप्सी जोडणे समर्थनीय ठरत नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या प्रचलित उपचारांची आपसात तुलना करणाऱ्या अभ्यासांत. ‘दोन्ही पद्धती रोज वापरल्या जातात, त्यामुळे सहभागाचा वेगळा धोका नाही’ असे पत्रकात लिहिले जाते आणि समितीही ते मान्य करते. अमेरिकेतील सपोर्ट चाचणी हे याचे डोळे उघडणारे उदाहरण आहे. अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या १,३१६ नवजात बालकांमध्ये रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवावे की ९१ ते ९५ टक्के, हे तिथे तपासले गेले. दोन्ही पट्टे तेव्हाच्या व्यवहारातील मर्यादेत बसत होते. निष्कर्षात कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा गंभीर आजार कमी आढळला, पण मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये अमेरिकी शासनाच्या देखरेख कार्यालयाने असे म्हटले, की अंधत्व, मेंदूची हानी आणि मृत्यू यांचा आधीच कल्पना करता येण्याजोगा धोका संमतीपत्रांमध्ये पुरेसा सांगितला गेला नव्हता. त्यावर मोठा वाद झाला आणि अनेक मान्यवर संशोधक चाचणीच्या बाजूने उभे राहिले.

चाचणी करायलाच हवी होती, असे मलाही वाटते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पण देखरेख कार्यालयाचा आक्षेपही मला पटतो. डॉक्टर बाळाकडे पाहून ऑक्सिजन कमी-जास्त करतात आणि चाचणीत ते प्रमाण एका अरुंद पट्ट्यात बांधले जाते. हा बदल पालकांच्या दृष्टीने लहान नसतो. म्हणून पत्रकात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात: अभ्यासात नसता तर या रुग्णाला बहुधा काय मिळाले असते, अभ्यासात आल्यावर काय मिळेल, आणि ज्या वाईट परिणामाची मोजणी करण्यासाठी आपण हा अभ्यास करत आहोत तो परिणाम नेमका कोणता. आपण मृत्यू मोजत असू, तर ‘मृत्यू’ हा शब्द पत्रकात असलाच पाहिजे.

चौथी पायरी: माहितीपत्रक आणि समितीपुढचा अर्ज

पत्रक लांबले की ते वाचले जात नाही आणि लांबलेल्या पत्रकाने संरक्षण होते ते बहुतेक संस्थेचे. तातडीच्या अभ्यासासाठी मुख्य गोष्टी सांगणारी एक किंवा दोन पाने आणि सवडीने वाचण्यासाठी स्वतंत्र सविस्तर पत्रक, अशी विभागणी करावी. रुग्णासाठी, प्रतिनिधीसाठी, आधी अभ्यासात घेतलेल्या रुग्णाच्या प्रतिनिधीसाठी आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णासाठी, असे चार मसुदे लागतात. एकाच मसुद्यात सर्वनामे बदलून काम भागत नाही, कारण प्रत्येकाला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. मसुदा तयार झाला की अतिदक्षता विभागातून बरे होऊन गेलेल्या दोन-तीन जणांना आणि त्यांच्या घरच्यांना तो वाचायला द्यावा. कोणत्या वाक्याने छातीत धस्स होते आणि कोणते वाक्य कळतच नाही, हे ते जितके अचूक सांगतात तितके समितीतील तज्ज्ञही सांगू शकत नाहीत.

नमुने पुढे साठवून ठेवायचे असतील किंवा त्यांवर जनुकीय तपासण्या करायच्या असतील, तर त्याची संमती वेगळी ठेवावी. त्याला घाई नसते, आणि त्या निर्णयासाठी रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येते.

पाचवी पायरी: नातेवाइकांशी बोलणे

फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत झालेल्या एका अभ्यासात, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ६९ टक्के नातेवाइकांमध्ये चिंतेची आणि ३५ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली होती. त्याआधीच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात डॉक्टरांशी भेट होऊनही निम्म्याहून अधिक कुटुंब-प्रतिनिधींना रुग्णाचे निदान, पुढील शक्यता किंवा उपचार यांपैकी काहीतरी नीट समजलेले नव्हते. ज्याला आजारच कळलेला नाही त्याला संशोधन कळणार नाही. त्यामुळे आजाराविषयीचे बोलणे आधी आणि संशोधनाचे नंतर, असा क्रम ठेवावा, आणि मध्ये निदान चहा पिण्याइतका तरी वेळ जाऊ द्यावा.

शक्य असेल तिथे उपचार करणारा डॉक्टर आणि संमती मागणारा संशोधक या व्यक्ती वेगळ्या असाव्यात. ज्याच्या हाती वडिलांचा जीव आहे त्याला ‘नाही’ म्हणणे कोणालाही जड जाते. मनुष्यबळाअभावी दोन्ही भूमिका एकाकडेच असतील, तर त्याने त्या तोंडाने वेगळ्या करून सांगाव्यात. बोलणे बसून, शांत खोलीत आणि फोन बाजूला ठेवून करावे. सुरुवात साधारण अशी करता येईल: “ताई, तुमच्या वडिलांवरचे सगळे उपचार चालू आहेत, आणि तुम्ही काहीही ठरवले तरी ते तसेच चालू राहतील. आता मला एका वेगळ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. या आजारात रक्तदाब किती ठेवावा याच्या दोन पद्धती डॉक्टर वापरतात. त्यांतली कोणती जास्त चांगली, हे आम्हाला खरोखर माहीत नाही. ते शोधण्यासाठी आम्ही अभ्यास करत आहोत. त्यात कोणाला कोणती पद्धत मिळणार हे मी ठरवणार नाही. चिठ्ठी काढावी तसे संगणक ठरवील.”

‘आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य म्हणायला डॉक्टरांची जीभ रेटत नाही, पण सगळ्या संवादाचा कणा तेच आहे. ते गाळले तर ऐकणारा असे समजतो, की डॉक्टरांनी आपल्या माणसासाठी चांगले तेच निवडले आहे. संशोधनाला वैयक्तिक उपचार समजण्याच्या या गैरसमजाकडे मानसोपचारतज्ज्ञ अपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लक्ष वेधले होते. तो बेडजवळ रोज दिसतो. ‘नवीन’, ‘आधुनिक’, ‘संधी’ हे शब्द त्याला खतपाणी घालतात, म्हणून ते टाळावेत.

यानंतरचा प्रश्न फार जपून विचारावा लागतो. “तुम्हाला काय वाटते?” असे विचारले की मुलगी स्वतःच्या मताचा आणि भीतीचा विचार करते. “वडिलांना आत्ता विचारता आले असते, तर ते काय म्हणाले असते? अशा गोष्टींविषयी ते पूर्वी कधी काही बोलले होते का?” असे विचारले की ती त्यांच्या जागी उभी राहून पाहते. तरीही तिचे उत्तर म्हणजे वडिलांचे उत्तर, असे मानून चालू नये. उपचारांच्या निवडीबाबत नातेवाइकांचे अंदाज रुग्णांच्या इच्छेशी किती जुळतात, हे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात अचूकता ६८ टक्के आढळली. जवळजवळ तिघांतल्या एका वेळी अंदाज चुकतो, हे लक्षात ठेवले की पुढे रुग्णाला स्वतः विचारण्याची गरज आपोआप पटते.

समजले का, असे विचारल्यावर लोक मान हलवतातच. त्याऐवजी “आत्ता आपण जे बोललो ते घरी फोन करून सांगायचे झाले, तर तुम्ही कसे सांगाल?” असे विचारावे. त्या सांगण्यात चिठ्ठीचा मुद्दा, नकार देण्याची मुभा आणि मुख्य धोका आला नाही, तर दोष आपल्या समजावण्यात आहे असे मानून पुन्हा सांगावे. दोन भावांमध्ये मतभेद असतील, तर ज्याला कायद्याने अधिकार आहे त्याच्या सहीवर बोट ठेवून मोकळे होता येते, पण मी तसे करण्याच्या विरुद्ध आहे. अभ्यासासाठी दुसरा रुग्ण मिळेल, आणि या कुटुंबाला मात्र त्या सहीसोबत पुढे राहायचे आहे. नातेवाईक परगावी असतील, तर फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून, स्थानिक नियम मान्य करत असतील त्या पद्धतीने आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमक्ष बोलता येते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठीही असा तटस्थ साक्षीदार हवाच.

नकार आला तर कारण विचारत बसू नये. “ठीक आहे, सांगितलेत ते बरे झाले,” एवढे म्हणून रुग्णाच्या तब्येतीविषयी बोलावे, आणि पुढच्या शिफ्टमधला कोणी तोच प्रश्न पुन्हा घेऊन जाणार नाही यासाठी नकाराची नोंद केसपेपरवर करावी.

सहावी पायरी: रुग्ण शुद्धीवर आल्यावर

ही पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. रुग्ण वॉर्डात हलवला जातो, संशोधन समन्वयकाची सुट्टी असते, प्रतिनिधीची सही फाइलमध्ये असते आणि कोणालाच काही चुकल्यासारखे वाटत नाही. पण सांभाळायला दिलेली ठेव परत करण्याची वेळ हीच आहे. त्यासाठी अभ्यासाच्या नोंदवहीत ‘रुग्णाशी स्वतः बोलणे बाकी’ असा रकाना ठेवावा आणि तो रोज तपासण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीच्या नावावर द्यावे.

डोळे उघडले म्हणजे निर्णयक्षमता आली, असे होत नाही. अतिदक्षता विभागातील रुग्णांना डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा बुद्धिभ्रम, वारंवार होतो आणि तो दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. कॅम-आयसीयू या तपासणीने डेलिरियम आहे का ते आधी पाहावे, पण ती तपासणी केवळ पहिली चाळणी आहे. निर्णयक्षमता जोखताना चार गोष्टी पाहाव्या लागतात: सांगितलेले समजते का, ते स्वतःला लागू आहे हे उमगते का, पर्यायांची तुलना करता येते का, आणि आपली निवड व्यक्त करता येते का. सकाळच्या वेळी, गुंगीचे औषध उतरलेले असताना, चष्मा व श्रवणयंत्र लावून बोलावे. घशात नळी असलेल्या रुग्णाला अक्षरफलक किंवा पाटी द्यावी. बोलता येत नाही म्हणजे ठरवता येत नाही, असे समजणे ही मोठी चूक आहे. काही तासांच्या अंतराने पुन्हा विचारल्यावरही उत्तर तेच आले, तर ते उत्तर विश्वासार्ह मानता येते.

अशा रुग्णाला मधले दिवस आठवत नसतात आणि पुष्कळांच्या मनात भ्रमातली भयानक दृश्ये ताजी असतात. ‘तुमच्यावर प्रयोग केला’ असा अर्थ निघेल अशी एकही वाक्यरचना इथे चालणार नाही. “काका, तुम्ही बेशुद्ध होतात तेव्हा तुमची मुलगी आमच्याशी बोलली आणि तुम्हाला एका अभ्यासात घेतले. त्यात काय झाले ते मी सांगतो. यापुढे काय करायचे हे तुम्ही ठरवायचे आहे,” अशी सुरुवात करावी आणि एका भेटीत सगळे संपवण्याची घाई करू नये.

नकाराचे तीन अर्थ होऊ शकतात आणि ते वेगवेगळे विचारले पाहिजेत. रुग्णाला अभ्यासातला उपचार थांबवायचा आहे, की पुढच्या तपासण्या आणि फोन नको आहेत, की आधी जमवलेली माहिती आणि नमुनेही वापरायला नको आहेत? बऱ्याच जणांचा आक्षेप पहिल्या दोहोंना असतो आणि माहिती वापरायला त्यांची हरकत नसते. हरकत असेल तर कायद्याने जे काढून टाकता येते ते काढावे, आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव जे ठेवणे बंधनकारक आहे ते का ठेवले, हे लपवू नये. रुग्णाने नकार दिल्यावर मुलीला भेटून सांगावे, की तिने तेव्हा तिच्या समजुतीप्रमाणे योग्यच केले होते. हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, पण न सांगितल्यास ती ते ओझे वागवत राहते.

सातवी पायरी: संमतीपूर्वीच मृत्यू झाल्यास

आधी अभ्यासात घेतलेला रुग्ण संमती विचारण्यापूर्वीच दगावला, तर त्याची माहिती वापरावी का? अत्यवस्थ असलेले रुग्णच आधी दगावतात. त्यांना वगळले, तर उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरेल आणि त्याची किंमत पुढचे रुग्ण मोजतील. त्यामुळे समितीने आधीच स्पष्ट मान्यता दिलेली असल्यास ही माहिती वापरणे मला योग्य वाटते. कुटुंबाला कळवावे का, यावर मात्र मतभिन्नता आहे. काही चाचण्यांत शोकात भर पडू नये म्हणून कुटुंबांना आपणहून कळवले गेले नाही आणि माहिती फक्त जाहीर स्वरूपात उपलब्ध ठेवली गेली. माझे मत कळवण्याच्या बाजूचे आहे. मृत्यूच्या दिवशी हा विषय काढू नये. काही आठवड्यांनी, ओळखीच्या डॉक्टरच्या सहीने, साध्या भाषेतले पत्र पाठवावे. त्यात उत्तराची अपेक्षा नसावी आणि हवे असल्यास बोलण्यासाठी एका माणसाचे नाव असावे. वर्षभराने कुठल्याशा कागदातून ही गोष्ट त्यांना कळली, तर विश्वास कायमचा तुटतो.

आठवी पायरी: नोंद आणि निष्कर्ष कळवणे

केसपेपरवरील ‘संमती घेतली’ या दोन शब्दांना फारसा अर्थ नाही. कोण बोलले, कोणाशी, किती वाजता, कोणत्या भाषेत, समोरच्याने काय विचारले, त्याने आपल्या शब्दांत काय सांगितले, आणि आधी अभ्यासात घेतले असल्यास त्या वेळी संमती शक्य का नव्हती, हे चार-पाच ओळींत लिहावे. दर तिमाहीत या नोंदी काढून पाहाव्यात: शुद्धीवर आलेल्यांपैकी किती जणांशी स्वतः बोलणे झाले, त्यासाठी सरासरी किती दिवस लागले आणि किती जण कोणी न विचारताच घरी गेले. शेवटचा आकडा शून्य नसेल, तर तो समितीला आपणहून कळवावा.

अभ्यास संपल्यावर निष्कर्ष सहभागी रुग्णांना आणि ज्यांनी त्यांच्या वतीने होकार दिला त्यांना कळवण्याची सोय आराखड्यातच ठेवावी. ज्या गटात आपला माणूस होता त्याच गटात जास्त मृत्यू झाले, असा निष्कर्ष निघाला तर तो कळवणे कठीण जाते. अशा वेळी पत्र पाठवण्यापूर्वी फोन करावा आणि भेटायला यायचे असल्यास दिवस द्यावा. त्या भेटीला मुख्य संशोधकाने स्वतः हजर राहावे.